कडेचा माणूस

रविवारी सकाळी पाहुण्याला स्टेशनवरून आणायचं, म्हणून तोफसाहेबांनी कित्येक महिन्यांनी शर्टाला इस्त्री केली. कपाटातला दुसरा कप काढून घासून ठेवला. बायको गेल्यापासून त्या कपाला पाणी लागलं नव्हतं.

तोफसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका दैनिकात पस्तीस वर्षं वार्ताहरी केली, तेव्हा कचेरीनं ठेवलेलं. नगरपालिका असो, पोलीस असो, मंत्री असो, ही तोफ ज्याच्याकडे वळायची त्याची झोप उडायची. निवृत्त झाले आणि फोन वाजायचा थांबला. ज्यांच्यासाठी भांडले ते विसरले. ज्यांच्याशी भांडले ते निदान रस्त्यात तोंड तरी फिरवत. तेवढीच काय ती ओळख उरली होती.

येणारा पाहुणा म्हणजे भिंग. त्याच दैनिकातला छायाचित्रकार. एकोणतीस वर्षांपूर्वी, तलावातली होडी उलटली त्या महिन्यात, तो राजीनामा देऊन दुसऱ्या शहरात गेला तो गेलाच. गेल्या आठवड्यात अचानक त्याचा फोन आला. "रविवारी येतो. शहर फार बदललं म्हणतात, दाखव जरा. संध्याकाळी सहाच्या बसनं परत."

गाडीतून उतरला तो पांढऱ्या केसांचा, वाकलेला माणूस. गळ्यात कॅमेरा मात्र तसाच, फक्त आता फोनवर फोटो धाडणारा.

"तोफ्या, लेका, पार गंजलास की!"

"आणि तुझ्या भिंगाला तडे गेलेत, ते नाही दिसत?"

दोघं हसले. इतक्या मोठ्यानं हसल्याला किती दिवस झाले, ते तोफसाहेबांना आठवेना.

आधी घड्याळाच्या मनोऱ्यावर गेले. वर एका वेळी दहा माणसं सोडायची असा नियम. दारातला पहारेकरी हातातलं बटण दाबून माणसं मोजत होता. हे आत शिरले. टक. टक. टक.

तोफसाहेब थबकले. "दोघं आहोत आम्ही."

"तीन झाले, साहेब."

"मोजता येत नसेल तर त्या खुर्चीवर बसता कशाला? बटण दुरुस्त करा, नाहीतर डोळे!"

पहारेकरी त्यांच्या मागे बघत राहिला. "ते मागचे... तुमच्याबरोबर नाहीत का?"

मागे मोकळा दरवाजा आणि उन्हानं पांढराफटक पडलेला रस्ता.

जिना गोल, दगडी. चढताना भिंग पुढे होता. तोफसाहेबांना आपल्या पावलांच्या मागे आणखी एक पाऊल ऐकू आलं. फट्... फट्... ओली चप्पल दगडावर आपटावी तसं. ते थांबले की तेही थांबायचं. भर उन्हाळ्यात कुठूनसा शेवाळाचा, सडक्या चिखलाचा वास येत होता. वर पोहोचल्यावर त्यांनी भिंगाला विचारलं, "तुला काही ऐकू आलं?"

"माझे गुडघे," भिंग म्हणाला. "दुसरं काय?"

दुपारी चहाच्या दुकानात बसले. पोऱ्या नव्हता, मालक स्वतःच चहा आणायचा. त्यानं टेबलावर पाण्याचे तीन ग्लास ठेवले. तोफसाहेबांनी तिसरा उचलून शेजारच्या टेबलावर आदळला.

भिंगाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं पिशवीतून एक जुना फोटो काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "मी आलो ते याच्यासाठी."

फोटो पाहायची तोफसाहेबांना गरजच नव्हती. तलावाचा काठ. चादरी घातलेली प्रेतं, ओळीनं. मोजली तर तेवीस. दैनिकात छापून आलेल्या फोटोत बावीस होती.

"पुढच्या महिन्यात माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे," भिंग म्हणाला. "शेवटचंच समज. हा फोटो अख्खा लावणार आहे. खाली तुझ्या सहीनं एकच ओळ हवी. मेलेले तेवीस होते, आम्ही बावीस छापले."

"आम्ही नाही. सरकारी आकडा बावीस होता."

"सरकारी आकडा तू आयुष्यात कधी मानलास रे? जिभेला हाड नसतं, आकड्याला तर कणाच नसतो, हे तुझंच वाक्य."

ती रात्र तोफसाहेबांना जशीच्या तशी आठवत होती. अधिकारी म्हणाला होता, बाविसांची ओळख पटली, तेविसाव्याला न्यायला कोणीच आलेलं नाही, बिनवारशी माणूस यादीत कशाला? पान छपाईला सुटायला दहा मिनिटं उरली होती. तोफसाहेबांनी बावीस लिहिलं. मग कचेरीतून फोन आला. बातमीत बावीस आहेत आणि फोटोत तेवीस दिसतायत, काय करू? आकडा बदलायचा तर मथळा बदलावा लागणार, पान उशिरा सुटणार. तोफसाहेब म्हणाले होते, "कडेचा काप."

कापला. त्या बातमीनं त्यांना मोठं केलं. निर्भीड पत्रकार म्हणून शाल मिळाली, मानपत्र मिळालं, भाषणं झाली. आणि कडेचा तो माणूस दोनदा बुडाला.

फोटोत त्याची चादर आखूड पडली होती. उजवा पाय बाहेर होता. पायात रबरी चप्पल, तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला.

"विचार करतो," तोफसाहेब म्हणाले.

"बसपर्यंत कर. एकोणतीस वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, मी तुझ्याशी नाही. हा एवढाच एक माणूस आपल्या मध्ये पडलाय बघ."

तलावावर जायचं भिंगानंच ठरवलं. आता तिथे रंगीत होड्या, बाकडी, फुलझाडं. बुडालेल्यांच्या आठवणीची पाटी मात्र एक नाही. धक्क्यावरचा होडीवाला बुडू नये म्हणून घालायची नारिंगी जाकिटं वाटत होता. त्यानं यांच्यासमोर तीन धरली.

"दोन!" तोफसाहेब ओरडले. काठावरच्या माणसांनी वळून पाहिलं. "सकाळपासून चाललंय काय हे? दोघं आहोत, दोघंच!"

शेवाळाचा वास आता अगदी खांद्याशी आला होता. भिंग शांतपणे म्हणाला, "तोफ्या, शेवटचं विचारतो. तेवीस लिहून देतोस?"

इतक्या वर्षांची शाल खांद्यावरून कोणी ओढतंय असं त्यांना वाटलं. घरात त्या भिंतीवरच्या मानपत्राशिवाय बोलायला तरी दुसरं कोण होतं?

"बावीस," ते म्हणाले. "बावीसच. विषय संपला."

"बरं. दोघं तर दोघं," होडीवाला म्हणाला.

त्यानं एक जाकीट भिंगाला दिलं. दुसरं तोफसाहेबांच्या शेजारी, रिकाम्या हवेत पुढे केलं. ते खाली पडलं नाही. मग हात देऊन त्यानं भिंगाला होडीत घेतलं, तसाच हात पुन्हा एकदा पुढे केला, आणि दोर सोडला.

"अहो, मी राहिलो!"

कोणी पाहिलं नाही. सुटत्या होडीत त्यांनी कशीबशी उडी घेतली. होडी जराही हलली नाही.

भिंग समोरच्या बाकावर होता. शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून बोलत होता. डोळे भरून आले होते त्याचे.

"हो म्हणालास, फार हलकं वाटलं बघ. मला वाटलं होतं, तू ऐकायचा नाहीस."

"मी नाही म्हणालो! भिंग्या... अरे, इकडे बघ... मी इथे आहे..."

भिंग ऐकत होता, मान डोलवत होता, पण यांचं नव्हे. मध्येच हसला. त्यानं कॅमेरा होडीवाल्याच्या हाती दिला. "आमचा दोघांचा एक काढा."

तोफसाहेब धडपडत जाऊन भिंगाच्या दुसऱ्या बाजूला खेटून बसले. होडीवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, जरासा डावीकडे सरकवला आणि बटण दाबलं.

सहाच्या बसमध्ये चढून भिंगानं खिडकीतून हात केला. पण तो तोफसाहेबांना नव्हता, त्यांच्या दोन हात पलीकडच्या रिकाम्या जागेला होता.

घरी येईपर्यंत उजेड होता. टेबलावर दोन कप तसेच होते, कोरडे. फोन वाजला. भिंगानं फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "दोघंही छान आलोय."

होडीत भिंग हसत होता. त्याच्या शेजारी कोणीतरी मान खाली घालून बसलं होतं. केसांतून पाणी निथळत होतं. आणि फोटोच्या कडेला इस्त्री केलेल्या बाहीचं एक कोपर, तेवढंच. बाकीचं कापलेलं.

त्यांनी भिंगाला फोन लावला.

"हॅलो?" भिंग म्हणाला. "हॅलो... कोण बोलतंय? ...कोणीच नाही."

फोन बंद झाला. खोलीत ते एकटे उभे राहिले. मग पाणी प्यावं म्हणून स्वयंपाकघराकडे निघाले. फट्... फट्...

ते थांबले. आवाज थांबला.

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या पायात रबरी चप्पल होती. पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला. तारेला हिरवा गंज चढला होता, आणि तिचा वळ पायाला असा पडला होता, जणू ती कित्येक वर्षं तिथेच आहे.