खिडक्यांना नावं ठेवणारा माणूस

खिडकी काखोटीला मारून बसमध्ये चढणारा माणूस मोइराने तोवर पाहिला नव्हता. डनेडिन शहराच्या चढ-उतारांवर बस चालवण्यात ती मुरलेली. लोकांनी कोंबड्या आणल्या होत्या, सर्फिंगच्या फळ्या आणल्या होत्या. पण हा... भुरभुर पावसात थांब्यावर उभा, हातात वर-खाली सरकणाऱ्या खिडकीचं अख्खं झडप, आणि काचेपलीकडे भिजलेला, हसरा चेहरा.

"अहो, एवढं मोठं सामान नेता येणार नाही," मोइरा म्हणाली.

"सामान कुठाय? खिडकी आहे. बसला एक जास्तीची झाली तर बिघडलं कुठं?"

"बसला पुष्कळ आहेत."

"त्या उघडतात का पण?"

नव्हत्या उघडत. मागच्या बाकावरची म्हातारी फिसकन हसली. नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या मोइराला काय झालं कोण जाणे, ती म्हणाली, "या आत. काच फुटली तर तुम्हीच झाडायची."

तो मागे गेलाच नाही. तिच्याजवळच्या दांड्याला धरून उभा राहिला. नाव रेवी. व्हॅन बंद पडलेली. धंदा जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त करण्याचा. आणि स्वतःच्या कामाची तारीफ करताना न थकण्याचा स्वभाव, तो तिला पुढच्या थांब्याच्या आतच कळला.

"ते पिवळं घर दिसतंय? खिडक्या माझ्या. एका बोटाने वर जातात. आणि ते चर्चसमोरचं? तेही माझंच."

"आणि ते खाली बंदर आहे ना... तेही तुम्हीच केलंत?"

"बंदराला खिडक्या नाहीत हो," तो खरोखरच हळहळला, "नाहीतर केलं असतं."

मोइरा हसली. तिला गाडी चालवताना हसायची सवय नव्हती. त्याचा थांबा आला तेव्हा समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "माझ्या घराच्या खिडक्या तर उघडतच नाहीत."

तिचं घर दरीच्या सावलीच्या बाजूला. लाकडी, जुनं, आणि विकायला काढलेलं. तिची बहीण इझोबेल समुद्रापलीकडे ब्रिस्बेनला होती. तिकडे ऊन होतं, बस कंपनीत नोकरी ठरली होती, बहिणीने खोलीसुद्धा लावून ठेवली होती. अडलं होतं ते खिडक्यांपाशी. गिऱ्हाईक यायचं, खिडकी उघडून बघायचं, ती जागची हलायची नाही, की गिऱ्हाईक निघून जायचं. सगळ्या उपटून ॲल्युमिनियमच्या बसवाव्यात असं मोइराने ठरवत आणलं होतं. खिडक्या बघायला आलेल्या रेवीला तिने तसं सांगितलं.

"ॲल्युमिनियम!" रेवी असा म्हणाला, जणू कुणी त्याच्या आईला शिवी दिली. "अगं बाई, हे रिमूचं लाकूड आहे. रंगाची पुटं चढून चिकटलंय इतकंच."

त्याने पहिलं झडप उतरवलं, चौकटीच्या आतली फळी काढली आणि पोकळीतून लोखंडाचं लांबट वजन बाहेर ओढलं. कुजलेल्या दोरीसकट.

"हे खाली जातं, तेव्हा खिडकी वर येते. म्हणून ती हलकी वाटते."

"म्हणजे वरून हलकं, आणि आत हे एवढं लोखंड लोंबकळतंय?"

"खिडकीबद्दल बोलतेयस ना? की..."

"खिडकीबद्दलच," मोइरा म्हणाली आणि चहा टाकायला आत पळाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

मग तो येत राहिला. रंग खरवडला, कुजकं काढून नवं लाकूड जोडलं, दोऱ्या बदलल्या, काचांभोवती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. सुटीच्या दिवशी मोइरा चीज रोल भाजायची आणि तो तीन-तीन चापायचा. एकेक खिडकी उघडू लागली, तसं काम मात्र मंदावत गेलं. का, ते दोघांनाही ठाऊक होतं. शेवटची खिडकी झाली की घर विकलं जाणार, आणि मोइरा जाणार.

"लांबी वाळायला इतका वेळ लागतो?" ती विचारायची.

"चांगली लांबी सावकाशच वाळते."

"आणि वाईट?"

"वाईट मी भरत नाही."

ती मान डोलवायची. तिला तो हवा होता. इतकी साधी गोष्ट, पण तोंडातून निघेल तर शपथ! आणि रेवी? जगभरच्या खिडक्यांवर बोलणारा हा माणूस या एका बाबतीत मुका. थांब म्हणायला आपण तिचे कोण, असं त्याला वाटायचं.

थंडी सरून कोव्हाईची झाडं पिवळ्या फुलांनी भरली तेव्हा एका शनिवारी इन्व्हरकार्गिलचं एक जोडपं घर बघायला आलं. रेवी पुढच्या खिडकीबाहेर शिडीवर होता; शेवटचा हात मारायचा राहिला होता. नवऱ्याने आतून बोट लावलं. झडप अलगद वर गेलं.

"वा!" तो म्हणाला. "ऐकलंस का, हेच घर घेऊ या आपण. काय हो, टिकतील ना खिडक्या?"

रेवीचा ब्रश थांबला. त्याने मोइराकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे.

"खरं सांगू? नाही टिकणार. आतून सगळं कुजलंय. वरवर रंग फासलाय नुसता. सुतार... अगदीच नवशिका होता."

मोइरा थक्क झाली. मग तिचा असा संताप झाला की ब्रश हिसकावून त्याच्या टाळक्यात घालावा! ठरत आलेला व्यवहार मोडायचा म्हणजे काय? पण त्याचे कान लालबुंद झाले होते. आपल्या कामाला कुणी बोट लावलं तर भांडायला उठणारा हा माणूस, परक्या लोकांसमोर स्वतःच्याच कामाची माती करत होता. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"खरं का हे?" बाईने विचारलं.

'थट्टा करतोय तो,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. घर विकलं गेलं असतं, त्याचं नावही राहिलं असतं.

"खिडक्यांमधलं मला फारसं कळत नाही," मोइरा सावकाश म्हणाली. "पण जूनमध्ये, ऐन थंडीत, इथे ऊन येत नाही. अजिबात. आणि शेजारचे आजोबा बॅगपाइप शिकतायत."

"शिकतायत म्हणजे... थोडे दिवस चालेल," नवरा म्हणाला.

"बरीच वर्षं चाललंय."

जोडपं गेलं. गाडीचा आवाज उताराखाली विरला. उघड्या खिडकीत मोइरा, बाहेर शिडीवर रेवी.

"घर विकायचं होतं मला," ती म्हणाली.

"माहितीये."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना! नवशिका म्हणालो मी स्वतःला. ती बाई आता गावभर करेल."

तिला हसू फुटलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. "सरळ 'थांब' म्हणता येत नव्हतं?"

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?... खोटं बोलणं सोपं गेलं."

"आता म्हण."

त्याने ब्रश डब्यावर ठेवला. "थांब, मोइरा. मला तू आवडतेस. खूप. त्या बसमध्ये चढलो तेव्हापासून."

"इझोबेलला वाईट वाटेल."

"वाटेल."

"मलाही थोडं वाटेल. तिकडे ऊन असतं रे."

"इकडेही असतं... जून सोडून."

"जुलैतही नसतं."

"बरं, जुलै सोडून."

"खाली उतर आधी," ती म्हणाली. "पडलास तर निस्तरणार कोण?"

तो उतरला. मोइरा दाराकडे वळलीच नाही. तिने झडप पार वर सारलं, स्कर्ट सावरला आणि खिडकीच्या पट्टीवर पाय ठेवून सरळ बाहेर यायला निघाली.

"अगं, अगं! रंग ओला आहे!"

"मग पुन्हा लाव," त्याच्या खांद्यावर हात टेकत ती म्हणाली. "मी कुठे चाललेय आता?"