राहिलेली ओवाळणी

हॅल्बरी हे उत्तर इंग्लंडमधलं गाव स्मृतीनं कधी पाहिलेलं नव्हतं. तिचे बाबा, डॉक्टर गुरुनाथ, तरुणपणी तिथल्या हॉस्पिटलात होते, एवढंच तिला माहीत. ते गेले आणि मागे जुन्या फोटोंचा डबा राहिला. आयर्लंडमधल्या नावनच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेली ही लेक सुट्टीच्या दिवशी त्यातला एकेक फोटो हॅल्बरीच्या फेसबुक ग्रुपवर टाकू लागली. गिरणीची चिमणी, पावसात चकाकणारा दगडी रस्ता... तिथली म्हातारीकोतारी मंडळी लगेच धावून यायची, कोपऱ्यावरचं दुकान आमच्या आजीचं म्हणून!

एके दिवशी एका फोटोखाली चक्क मराठी उमटलं. 'ह्या हिरव्या दाराच्या घरात माझे आईबाबा राहायचे. तुम्ही कोण?'

हा ज्ञानेश. सॉफ्टवेअरवाला, आणि राहायला कुठे, तर डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला, तिच्यापासून तासाभरावर! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय?

मग स्टेशनाजवळ कॉफी झाली. मग दर शनिवारी फोटो स्कॅन करणं सुरू झालं. तो स्कॅन करी, ती त्याच्याकडे बघे. त्यानं मान वर केली, की ती घाईघाईनं फोटोत बघे.

"किती वेळ बघशील त्या चिमणीकडे?" त्यानं एकदा विचारलंच.

"छान आहे."

"चिमणी?"

"हो... चिमणीच."

सगळं कसं ग्रँड चाललं होतं. आणि एका रात्री ती घरी एकटीच असताना डब्याच्या तळाशी तो फोटो निघाला.

बाबा पाटावर बसलेले, अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी. समोर तबक घेतलेली एक तरुण बाई. मागचा तपकिरी फुलांचा वॉलपेपर ज्ञानेशकडच्या त्याच्या आईच्या अल्बममध्ये स्मृतीनं कितीदा तरी पाहिला होता. बाईच्या गालावरची खळी तर थेट ज्ञानेशची. भाऊबीज! म्हणजे बाबा त्याचे मामा. म्हणजे ती त्याची... बहीण?

रक्ताचं नातं नाही, हे डॉक्टरला कळत होतं. पण मानलेलं नातंही बाबा किती पाळायचे, हे लेकीला ठाऊक होतं. तिनं फोटो स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत कपाटात, डाळीच्या डब्यामागे लपवला. मन चिंती ते वैरी न चिंती. ज्ञानेशला कळेल, तो हसून 'ताई' म्हणेल आणि शनिवार संपतील... बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच तिला कुणाची वाट बघावीशी वाटत होती.

आणि नेमकी तेव्हाच त्याची आई, वीणाताई, नागपूरहून आली.

"आईला फोटो बघायचेत. डबा घेऊन ये," ज्ञानेशचा फोन आला. "आणि मला जरा बोलायचंय... तू ये फक्त."

तो फोटो फाडावा असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण बाबांचा फोटो फाडवेना. शेवटी तिनं तो कोटाच्या खिशात घातला आणि भर पावसात गाडी काढली.

वीणाताईंनी चष्मा लावला, डबा उघडला. दुसऱ्याच फोटोवर त्यांचं बोट थांबलं. "अगं बाई! हा तर आमचा गुरुनाथ!"

"माझे बाबा, काकू," स्मृती कशीबशी म्हणाली. "गेल्या वर्षी... गेले."

वीणाताईंनी फोटो अलगद खाली ठेवला. मग तिचा हात धरून म्हणाल्या, "भाऊ होता गं माझा. त्या परमुलखात तेवढा एकच."

ज्ञानेशचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "भाऊ म्हणजे?"

आता लपवून काय उपयोग? स्मृतीनं खिशातला फोटो काढून पुढे ठेवला. ज्ञानेशकडे बघायची तिची छाती होईना.

"हीच ती भाऊबीज!" वीणाताई ओल्या डोळ्यांनी हसल्या. "मी ओवाळलं अन् पठ्ठ्या ओवाळणीच विसरला. म्हणे, ताई, पुढच्या दिवाळीला पाहिजे ते माग. अन् त्याआधीच भारतात परतला. राहूनच गेली."

"आई," ज्ञानेशचा आवाज चिरकला, "म्हणजे आम्ही... भाऊ-बहीण?"

वीणाताईंनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "अरे बाप्पा! म्हणून तोंडं उतरली काय तुमची? मामाची पोरगी हे तुझी! आपल्याकडं मामाच्या पोरीवर आत्याच्या घराचा पहिला हक्क राहते. इतके शिकले, अन् हे नाही ठाऊक?"

स्मृतीला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही.

"माझी ओवाळणी राहिलीच आहे," वीणाताई हळूच म्हणाल्या. "पण देणारा गेला. म्हणून तुलाच विचारते, पोरी. येशील आमच्या घरी?"

"काकू, पण... ह्यानं मला अजून काही विचारलेलंच नाही."

"आजच विचारणार होतो!" ज्ञानेश कानापर्यंत लाल झाला. "म्हणून तर बोलावलं..."

"मग विचार."

"ती चिमणी सोडून... माझ्याकडे बघशील?"

तिनं पाहिलं. आणि ह्या वेळी नजर काढून घेतली नाही.

मग ती वीणाताईंपुढे वाकली. "आत्या," ती म्हणाली, "बाबांच्या वतीनं हो. आणि माझ्याही."