जरबेराच्या मुळाशी

पॉलीहाऊसच्या दारातच दोघांची टक्कर झाली आणि त्याच्या हातातली वाळलेली जरबेराची रोपं तिच्या पांढऱ्या कोटावर सांडली.

"सॉरी... तुम्ही लॅबमधून आलात ना?"

"हो. आणि कोट आजच धुतला होता!"

तो हसला नाही. महिन्यापूर्वी वडील गेले, तेव्हापासून हसणं राहूनच गेलं होतं. त्यांनी स्वतः लावलेल्या बागेत आता मूळकूज शिरली होती. पार वाळलेली रोपं तो बाहेर टाकायचा. नुसती मान टाकलेल्यांना मात्र कुणाला हात लावू देत नव्हता.

एका मेलेल्या ओळीत एकच रोप टवटवीत होतं. तिने त्याच्या मुळाजवळची माती पिशवीत भरली.

"याला कुणीतरी सांभाळतंय."

"कोण?"

"मातीतले जिवाणू. बघू या."

पुढच्या सोमवारी तिने काचेची बशी त्याच्यासमोर धरली. मुळं कुजवणारी पांढरी बुरशी पसरत पसरत जिवाणूंच्या रेघेपाशी येऊन थबकली होती. बघताना दोघांची डोकी इतकी जवळ आली, की तिचा श्वासही थबकला.

मग ती दर सोमवारी येऊ लागली. जिवाणू कालवलेलं पाणी तो झारीने घालायचा, ती नोंदी करायची. छतावर पाऊस वाजत राहायचा. नव्याने लावलेली रोपं तग धरत होती. जुनी मात्र...

"बाबांची झाडं वाचतील ना?"

"बघू," ती म्हणायची आणि नजर चुकवायची.

एका सोमवारी तिला राहवलं नाही.

"मी लपवलं तुमच्यापासून. जिवाणू नवी मुळं राखतात, कुजलेली जिवंत नाही करत. ही झाडं जाणार, हे मला केव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर... माझं येणं संपलं असतं."

त्याने हातातली झारी खाली ठेवली.

"मी त्याच्याही आधी एक रोप खणून पाहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "मुळं काळी ठिक्कर. तरी विचारत राहिलो. तू 'बघू' म्हणालीस, की पुढचा सोमवार पक्का व्हायचा."

त्याचं ते पहिलं 'तू' ऐकून तिचे डोळे भरून आले.

तो ओळीपाशी गुडघे टेकून बसला. हात पुढे होईना. ती शेजारी बसली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून पहिलं झाड उपटलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच तो हमसून रडला.

"अजून सात ओळी आहेत," तो कसाबसा म्हणाला.

"असू देत. मी कुठे जातेय?"