एकशे चव्वेचाळीस लिटर

दारात अडकलेला भलामोठा साचा आणि त्यामागून डोकावणारे दोन हसरे डोळे… सुतार तिच्या कारखान्यात पहिल्यांदा शिरला तो असा.

“मालक कुठायत?”

“समोर उभी आहे ती कोण वाटते तुम्हाला?”

खरा मालक तिचा काका होता. पण ते कबूल करेल तर ती कसली!

बागेसाठी सिमेंटचं शिल्प ओतायचं होतं. त्याचं बूड गोल, साठ सेंटीमीटर रुंद. आणि एका बाजूने उभे काप घेत गेलं, तर प्रत्येक काप चौरस. साचा उलटा ठेवून गोल तोंडातून एका दमात भरायचा. मिश्रण मध्येच संपलं, तर सांधा राहणार आणि तिथेच तडा जाणार.

“एकशे ऐंशी लिटर कालव,” काका म्हणाला.

“एकशे चव्वेचाळीस! मधला चौरस मोठा, कडेचे लहान होत जातात. प्रत्येकाचं क्षेत्रफळ मांडून या टोकापासून त्या टोकापर्यंत इंटिग्रेशन केलंय मी.”

“कॉलेजातली अक्कल इथे पाजळू नकोस. कमी पडलं, तर उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही.”

“चालेल. पण पुरलं, तर यापुढे मापं मीच काढणार.”

मिश्रण कालवून ती वळली, तर साच्याआड दोन जादा बादल्या भरून ठेवलेल्या!

“हे काय?”

“असावं जवळ…” सुताराचे कान लाल झाले. “तुम्हाला इथून कोणी घालवू नये, म्हणून.”

तिला गोड वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

“माझी काळजी आहे — आणि माझ्या गणितावर विश्वास नाही?”

त्याने दोन्ही बादल्या उचलून अंगणातल्या खड्ड्यात ओतल्या. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

दोघं मिळून ओतू लागले. शेवटची बादली रिकामी झाली… आणि मिश्रण साच्याच्या काठाला अलगद टेकलं.

काकाने थापी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली. मग खिशातली मापाची टेप काढून तिच्या हातात ठेवली.

“साचा परवा उघडायचा ना… येऊ?” काकाला ऐकू जाऊ नये, अशा बेताने सुतार कुजबुजला.

ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “परवा ये. नंतरही रोज ये. मला आवडतोस तू!”

काकाच्या हातून थापी गळून पडली. ती उचलायला कोणालाच सवड नव्हती.