चिमणनं चुकीची तोंडं बंद केली

गोकुळकाकांना ऑनलाइन भाषणांतून काय मिळणार होतं? वाहवा. जन्मभर ज्यांना कुणी कट्ट्यावर बसायला सरकून जागा दिली नाही, त्यांना महिन्याभरात अकरा हजार ऐकणारे मिळाले. राग जितका पेटवावा, तितकी गर्दी वाढायची.

साल २०७१. समुद्र वर चढल्यानं किनाऱ्यावरची माणसं घाटावरच्या वडजाई गावात वसली होती. शनिवारी काकांची भाषणं ऐकणाऱ्या नववीतल्या दोन मुलांनी या किनाऱ्यावरच्यांच्या वसाहतीचं पाणी शुद्ध करणारं यंत्र जाळलं. विझवताना वसाहतीत राहणाऱ्या जान्हवीच्या बाबांचा हात भाजला.

जान्हवीची मैत्रीण केतकी तडक आत्याच्या प्रयोगशाळेत घुसली.

“आत्या, तुझा चिमण नालायक आहे! गावचा गप्पाकट्टा (ऑनलाइन बोलायची जागा) राखतो म्हणे! आमच्या कबड्डीच्या गटाला कुलूप, आणि गोकुळकाका मोकळे?”

चिमण हा यंत्रमानव शांतपणे म्हणाला, “कबड्डीच्या गटात ‘फाडा’, ‘चिरडा’ असे सतरा शब्द सापडले. काकांचा एकही शब्द वाईट नाही. ते सगळ्यांना ‘बाळांनो’ म्हणतात.”

“कोल्हाही गोडच बोलतो रे, डबड्या!”

आत्याचा चेहरा उतरला. “त्याला नको बोलूस. शब्द मोजायला मीच शिकवलं.” तिनं दोन्ही मजकूर भिंतीवर उमटवले. “सामन्यात फाडलेल्यांचं नंतर काय करता?”

“त्यांच्याबरोबर भेळ खातो.”

“आता काकांचं वाच.”

‘बाळांनो, ते इथे असेपर्यंत आपण जगणार नाही. समजावून झालं. आता शूर कोण, ते कळेल.’

“आधी ‘आपण’ आणि ‘ते’,” आत्या म्हणाली. “एवढ्यानं बिघडत नाही, कबड्डीतही दोन बाजू असतात. मग, ते असेपर्यंत आपलं जगणंच अशक्य.”

केतकीच्या मुठी वळल्या. “आणि म्हणून त्यांना इजा करणं म्हणजे शौर्य!”

“हाच हिंसक अतिरेकीवाद (दुसऱ्या गटाला इजा केल्याशिवाय आपला गट वाचणार नाही, ही शिकवण). नुसतं कडक मत, भांडण, सरकारवरचा राग यात बसत नाही.”

“काकांनी आत्ताच लिहिलंय,” चिमण म्हणाला, “‘मी कुणाला जाळा म्हटलं?’”

“म्हणतील कशाला?” केतकी उसळली. “जाळायला ऐकणारे होते ना!”

चिमणनं सगळं पुन्हा तपासलं. कबड्डीचं कुलूप निघालं. काकांची एकेचाळीस भाषणं कारणांसकट गावच्या समितीकडे गेली, कारण शेवटचा निर्णय माणसांनीच घ्यायचा होता. सोमवारपासून केतकीचा वर्गही असा मजकूर पारखायला शिकणार होता.

झालं त्याची भरपाई कुणी केली? जान्हवीच्या बाबांनी तीन बोटं गमावली. दोन मुलं सुधारगृहात गेली. वसाहतीतली सहाशे माणसं बारा दिवस पाण्यासाठी वणवण फिरली.

आणि गोकुळकाका? त्यांचा फक्त घसा बसला, म्हणे.