सोंड्यांची मुलाखत

लिकांडो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी पाहुण्याच्या खुर्चीत बसले होते. मी काही पाहुणी नव्हते. लुसाकाच्या त्या टीव्ही स्टुडिओत साहाय्यक म्हणून माझा पहिलाच दिवस होता, आणि दिवे लावताना पाहुण्याच्या जागी कुणाला तरी बसवावं लागे, म्हणून कॅमेरावाल्या सोकोकाकांनी मला बसवलं होतं. इतक्यात मुलाखतकार आत आला. उंच, सावळा, टाय जरा वाकडा. मलाच पाहुणी समजून तो पार गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी हलक्या टाळ्या वाजवत त्याच्या लोझी जमातीच्या रीतीनं नमस्कार केला.

"आपलं नाव, बाईसाहेब?"

"मुतिंता... मोंझेची."

"मोंझेची? म्हणजे टोंगा?" तो ताडकन उठला. "काका, आधी सांगायचं ना! एका टोंगा पोरीसमोर मी गुडघे टेकले! आजोबा काय म्हणतील?"

"म्हणतील, उशिरा का होईना, पोराला अक्कल आली," मी म्हटलं. सोकोकाका हसून हसून कॅमेऱ्यावर ओणवे झाले.

लोझी आणि टोंगा या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊबंद. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, अगदी मयताच्या घरीसुद्धा, आणि राग मात्र धरायचा नाही... वाडवडिलांपासूनचा रिवाज आहे तो. आम्ही तो मनापासून पाळला. मी म्हणायची, "पुराचं पाणी वाढलं की राजासकट गाशा गुंडाळणारे तुम्ही!" तो म्हणायचा, "लग्न कर माझ्याशी. तुला माणसांत बसायला शिकवतो. गुरांत वाढलीस बिचारी."

लग्न कर माझ्याशी! हे तो चहाच्या वेळी म्हणे, दिवे जुळवताना म्हणे, कॉलरला माइक लावून घेताना माझ्या वाकलेल्या मानेकडे बघत म्हणे. मी त्याच्याकडे बघितलं की तो डोळा मारी, आणि सगळी मंडळी हसत. थट्टेच्या भावाचं बोलणं खरं कसं मानायचं? बाकी कुठल्याही मुलानं इतक्यांदा विचारलं असतं तर मी केव्हाच 'हो' म्हटलं असतं. फार आवडायचा तो मला. दुपारी वाटीतले उकडलेले शेंगदाणे निवडताना भरलेल्या शेंगा तो गुपचूप माझ्याकडे सारायचा, आणि वरून म्हणायचा, "खा, हडकुळे." ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

मग माझी बदली दूरच्या कितवे शहरात झाली. बढतीवर! सोमवारी निघायचं होतं. निर्मात्या तेंबोबाई म्हणाल्या, "नको असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग, दुसऱ्या कुणाला पाठवते." मला जायचं नव्हतं. पण थट्टेसाठी कुणी बढती सोडतं का? एकदा, फक्त एकदा त्यानं खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी साठवणीच्या मक्याला लागणाऱ्या सोंड्यांवर, म्हणजे दाणे पोखरणाऱ्या किड्यांवर मुलाखत होती. चोमाहून आलेले शेतकी अधिकारी तासभर सोंड्यांवर बोलले. आमच्याकडे धड चालणारा कॅमेरा एकच. म्हणून आधी पाहुण्याचं सगळं बोलणं घ्यायचं, पाहुणा गेला की कॅमेरा फिरवून मुलाखतकाराचं नुसतं ऐकणं घ्यायचं... मान डोलावणं, भुवया उंचावणं. पुढे ते तुकडे बोलण्यात मधेमधे बसवत. नजर नीट लागावी म्हणून पाहुण्याच्या खुर्चीत मी बसायची.

कॅमेरा फिरवला आणि पाऊस कोसळला. पत्र्यावर असा ताशा वाजू लागला की शेजारच्याचं ऐकू येईना.

"आवाज नकोच आहे, चित्र घेऊ!" सोकोकाका ओरडले. "लिकांडो, ओठ हलवू नकोस, टेप थोडीच उरलीय! मुतिंता, तू बोल काहीतरी, नाहीतर त्याचा चेहरा शिळ्या नशिमाच्या गोळ्यासारखा दिसतो!"

ओठ हलवू नकोस! म्हणजे आता त्याला थट्टा करताच येणार नव्हती. त्याला ऐकू जावं म्हणून मी खुर्ची पुढे ओढली.

"लिकांडो, मी सोमवारी कितवेला चाललेय..."

त्यानं मान डोलावली, ठरल्याप्रमाणे.

"मला जायचं नाहीये. तू रोज मागणी घालतोस आणि मी रोज घरी जाऊन रडते. मला तू हवा आहेस रे... पण खराखुरा. थट्टेतला नको."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डोळे भरून आले, ओठ घट्ट मिटले, आणि तो मान डोलवू लागला. डोलवतच राहिला.

"मान काय डोलावतोस? तुझं कामच आहे ते!"

"झालं!" काकांनी कॅमेरा बंद केला.

लिकांडो उठला. माझ्याकडे न येता सरळ सोकोकाकांकडे गेला आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. पावसातही ऐकू जावं म्हणून तो ओरडून बोलला, "काका, माझा मध्यस्थ व्हाल? रविवारी मोंझेला हिच्या घरी मागणी घालायला जाल?"

काकांचा हात कॅमेऱ्यावरच राहिला. आमच्यात मयतावर थट्टा चालते, राजावर चालते; मध्यस्थ पाठवण्याची थट्टा कुणी करत नाही. तसं करणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

"विचार करून बोलतोयस ना, पोरा?"

"पहिल्या दिवसापासून, काका. पण हसण्यावारी नेण्याची सवय लागली... आणि भीती वाटायची, ही खरंच 'नाही' म्हणाली तर?"

मी तशीच तेंबोबाईंकडे गेले आणि कितवेला दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून सांगितलं. त्या काचेआडून सगळं बघत होत्या. "सांगायला कशाला आलीस?" त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

ती टेप पुढे पुसून तिच्यावर फुटबॉलचा सामना भरला. तेव्हा तसंच करत. पण त्याआधी, काका मोंझेला जाऊन आल्यावर, मुलाखत एकदा दाखवली गेली. मी मोंझेला आईकडे होते. पडद्यावर शेतकी अधिकारी सांगत होते, मका उन्हात नीट वाळवा, नाहीतर दाणा आतून पोखरला जातो... आणि मधेच लिकांडोचा चेहरा आला, डोळे काठोकाठ भरलेले, मान हलत असलेली.

आई विणकाम थांबवून पुढे सरकली. "अगं, हा जावई भलताच हळवा दिसतो. सोंड्यांसाठी रडतोय!"

"सोंड्यांसाठी नाही, आई," मी म्हटलं, "माझ्यासाठी."