फिंजानाखालचा डोळा

"हाही ठेव," सासूबाईंनी पांढऱ्या काचांचा चष्मा पुढे केला. "काळा चष्मा उन्हासाठी. गळासाठी हा. ऊन उतरलं तरी गळ असतोच."

"दिवसभर चष्माच तर असतो तुमच्या मुलाच्या डोळ्यांवर!" शमसा हसली. तिने तो खिळ्याला परत अडकवला, पोटभर प्यायलेल्या तान्ह्या सैफला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि गाडीत चढली.

गेल्या हिवाळ्यात एका जेश माशाने तिच्या नवऱ्याला, हुवैशलला, हरवलं होतं. ओमानच्या त्या किनाऱ्यावर, खारपट्टीपलीकडच्या टोकाशी, माणसाच्या कमरेला लागतील एवढे जेश मावळतीला येतात. या खेपेला तो जेश घरी आणायचाच, म्हणून ही सफर! सोबत धाकटा दीर मतर.

खारपट्टी दिसते पांढरीशुभ्र, टणक. पण कवच फुटलं की खाली चिखल. दोनदा चाक रुतलं, दोनदा त्यांनी चटया घालून गाडी काढली. टोकाला पोचले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता.

"उम्म सैफ, कॉफी ओत!" सैफच्या आईला हाक देत हुवैशलने काळा चष्मा डोक्यावर सरकवला. "आता काय दिसतंय यातून? आज जेश मला बघून पळणार!"

"गेल्या वर्षीही पळाला होता," मतर म्हणाला. "तुझी दोरी घेऊन!"

एवढ्यात पाणी फुटलं. चंदेरी पाठी! हुवैशलने शिशाचा मासा भिरकावला; त्याला आखूड दोरीने गळ बांधलेला. पहिल्याच फेकीत तो खडकात अडकला. समोर जेश उसळत होते आणि हा अडकलेला! हुवैशलने नायलॉनची दोरी, तंगूस, हाताला गुंडाळला आणि तोंड समुद्राकडेच ठेवून मागे सरला. तंगूस ताणला. अजून ताणला. शमसाच्या हातात कॉफीचा बिनकानाचा छोटा पेला, फिंजान होता. तिला ते दिसत होतं, आणि ती गप्प होती.

सट्!

शिसं खडकातून सुटून भुवईवर आदळलं. गळ डाव्या डोळ्यात रुतला.

"हलू नका! हात लावू नका!" शमसा किंचाळली. मतरने दोरी सैल धरली, तिने ती कात्रीने गळाजवळ कापली. गळ आतच राहिला.

"वहिनी, उपटू या! मी एका झटक्यात..."

"मतर, हात मागे!"

"मग दूध तरी घाल. आजीने माझ्या डोळ्यात घातलं होतं. तू तर अंगावर पाजतेस!"

छाती दुधाने दाटून आली होती, दुखत होती. एक क्षण तिलाही वाटलं, घालावं. पण कॉलेजातल्या प्रथमोपचाराच्या तासाला बाईंनी फळा ठोकून सांगितलं होतं: रुतलेलं काढू नका, दाबू नका, डोळ्यात काही ओतू नका. तिने फिंजान पुसला आणि डोळ्यावर पालथा धरला. कड हाडांवर टेकली, आत गळ सुटा राहिला. वरून तिने चिकटपट्टी लावली.

"गळाची काठी?" मतरने विचारलं. "मासे अजून आहेत गं!"

"राहू दे सगळं!"

परतीला हुवैशल ताठ बसला, डोकं हलू न देता. मतर गाडीतल्या दांडक्याने कवच ठोकत पुढे चालला, मागून शमसा गाडी हाकत होती. प्रत्येक खड्ड्याला फिंजान थरथरे. मध्येच कवच कडाडलं! पुढचं चाक गेलं! मतरने चटई सारली, खांदा लावला. चाक गरगरलं, चिखल उडाला, गाडी उचलली गेली. हुवैशल ओरडला नाही. फक्त विचारलं, "उम्म सैफ, तू आहेस ना?"

"आहे. बोलत राहा."

"फिंजान रिकामा दिलास. कॉफी राहिलीच माझी."

तिने चाक मतरच्या पावलांमागेच ठेवलं.

जीव वाचला, डोळा गेला. "तुम्ही काहीच चुकीचं केलं नाहीत," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून शमसाला आणखीच रडू आलं. इतकं नीट करूनही! आणि तो चष्मा घरी खिळ्यालाच.

आता सैफ रांगतो. उजवीकडून आला तर बाप हात पसरतो. डावीकडून आला तर बापाला कळतच नाही. पोरगं हात वर करून थांबतं, थांबतं, मग रडतं.

तुमच्या घरचं कोणी या क्षणी पाण्यावर असेल, गळ टाकत असेल, अडकलेला तंगूस ओढत असेल. फोन करू नका, फोनवर सगळे "हो, हो" म्हणतात. उठा, जाऊन बघा. ऊन उतरलंय ना? चष्मा डोळ्यांवर आहे, की डोक्यावर?